कोरियातल्या डोंगरी मठात भिक्षुणींचा दिवस कसा चालतो? वेळ, स्वयंपाक आणि कामवाटपाबद्दल नेमकी माहिती हवी

टेकडीवरचा_विहार (प्रश्न)

नमो बुद्धाय, जय भीम.

आमच्या तालुक्यातल्या एका विहार समितीने बारा ते पंधरा श्रामणेरींचा (नवदीक्षित साधिकांचा) निवासी वर्षावास, म्हणजे पावसाळ्यात एका जागी राहून करायची साधना, करायचं ठरवलं आहे, आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा. जागा गावापासून वर, टेकडीवर आहे. एक मोठी खोली, एक स्वयंपाकघर, टाकीचं पाणी आणि थोडी मोकळी जमीन. पावसात रस्ता वरचेवर बंद पडतो, त्यामुळे उपासक-उपासिका रोज डबा घेऊन येतील हे धरून चालता येत नाही. राहणाऱ्यांनाच शिजवावं, झाडावं, सांभाळावं लागणार.

श्रीलंका-थायलंडची पद्धत बऱ्यापैकी माहीत आहे, पण ती रोजच्या भिक्षेवर उभी आहे. कोरियात डोंगरातले भिक्षुणींचे मोठे मठ स्वतः पिकवून, स्वतः शिजवून शतकानुशतकं चालत आले आहेत असं वाचलं. तिथे दिवस नेमका कसा आखलेला असतो? स्वयंपाक कोण करतं, कांदा-लसणाशिवाय चव कशी आणतात, हिवाळ्याची बेगमी कशी करतात, आणि चार वाडग्यांचं जेवण म्हणजे काय? प्रवासवर्णन नको. आम्हाला करून बघता येईल इतकं बारीक सांगा.

---

लेणीवाट

जय भीम. उन्मुन्सा डोळ्यांसमोर ठेवून सांगतो, कारण भिक्षुणींच्या शिक्षणाचं ते कोरियातलं सगळ्यांत नावाजलेलं ठिकाण आहे. उत्तर ग्योंगसांग प्रांतातल्या चाँगदो जिल्ह्यात, उन्मुनसान (1,188 मीटर) आणि गाजीसान (1,241 मीटर) या डोंगरांच्या कुशीत हा मठ आहे. स्थापना इ.स. 560 ची, आणि 1958 पासून तिथे भिक्षुणींची पाठशाळा आहे. अभ्यासक्रम चार वर्षांचा. ग्येर्योंगसान डोंगरातलं दोंगहाक्सा आणि गिमचनजवळचं चाँगामसा याच जातीची. उल्सानजवळचं सोकनामसा मात्र ध्यानाचा मठ आहे. हा फरक आधी लक्षात घ्या: पाठशाळेत दिवस ग्रंथवाचनाभोवती फिरतो, ध्यानमठात बैठकीभोवती. दोन्हींचं वेळापत्रक एकत्र करायला गेलात तर कशालाच वेळ पुरणार नाही.

पाठशाळेचा दिवस पहाटे 3 वाजता सुरू होतो. एक भिक्षुणी मोकताक, म्हणजे हातात धरायचं पोकळ लाकडी वाद्य, वाजवत आणि मंत्र म्हणत आवारभर फिरते. याला दोर्यांगसोक म्हणतात. पहिले ठोके जेमतेम ऐकू येतील इतके हलके असतात, मग आवाज चढतो, पुन्हा उतरतो, पुन्हा चढतो. झोपलेलं माणूस दचकून उठू नये, आवारातल्या किड्यामुंग्यांनाही बाजूला व्हायला अवसर मिळावा, असा त्यामागचा विचार. नवशिक्या मुली घाई करतात आणि पहिलाच ठोका खणखणीत मारतात. मग ज्येष्ठ भिक्षुणी तेवढंच पुन्हा पुन्हा करून घेतात.

त्यानंतर चार वाद्यं वाजतात. मोठा ढोल जमिनीवरच्या प्राण्यांसाठी, लाकडी मासा पाण्यातल्या जिवांसाठी, ढगाच्या आकाराची धातूची थाळी उडणाऱ्यांसाठी आणि मोठी घंटा नरकातल्या जिवांसाठी. बहुतेक मठांत घंटेचे ठोके पहाटे 28 आणि संध्याकाळी 33. ढोल एकटी वाजवत नाही. हात भरून आला की मागे उभी असलेली भिक्षुणी ताल न मोडता पुढे येते. मग बुद्धमूर्तीपुढे येबुल, म्हणजे वंदना, सात दंडवतांसह. त्यानंतर उजाडेपर्यंत ग्रंथवाचन, तेही मोठ्याने.

6 च्या सुमारास न्याहारी, पुढे झाडलोट आणि वर्ग. सकाळी दहा-साडेदहाला बुद्धाला भाताचा नैवेद्य, मग दुपारचं जेवण. दुपारी उल्ल्योक, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायचं काम. 5 च्या आसपास संध्याकाळचं जेवण, मग वंदना, वाचन आणि 9 ला दिवे बंद. हल्ली काही मठांनी उठायची वेळ 4 केली आहे.

आता खरा मुद्दा. तुम्ही वेळापत्रक मागितलंत, पण मठ चालतो तो कामाच्या यादीवर. प्रत्येकीकडे एक सोइम, म्हणजे नेमून दिलेलं काम असतं. भात शिजवणारी गोंग्यांगजू, भाज्या करणारी चेगोंग, रस्सा करणारी गेंगदू, भांडार सांभाळणारी वनजू, चहा पाहणारी दागाक, न्हाणीघर आणि संडास पाहणारी जाँगतोंग, जळण आणि जमिनीखालची ऊब पाहणारी ह्वादे, आजारी माणसांची गानब्याँग. ध्यानमठात हंगाम सुरू होताना हे सगळं एका मोठ्या कागदावर लिहून भिंतीवर लावतात. त्या फलकाला योंगसांगबांग, म्हणजे नाग आणि हत्तींची यादी, असं भारदस्त नाव आहे. संडास पाहणारीचं नावही त्याच फलकावर, त्याच अक्षरात असतं. बऱ्याच जणी ते काम मागून घेतात.

चीनमधले आठव्या-नवव्या शतकातले ध्यानगुरू पायझांग यांच्या नावावर एक नियम आहे: ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशी जेवण नाही. उन्मुन्सात तो आजही पाळला जातो. शेतात भाजी, बटाटे, मिरची, कोबी, मुळे त्याच पिकवतात. भाताची लावणी किंवा कोबी काढायची वेळ आली की वर्ग थांबतात आणि शिकवणाऱ्याही शेतात उतरतात.

बसण्याचा, जेवणाचा, चालण्याचा क्रम दीक्षेच्या ज्येष्ठतेने ठरतो. वय आणि शिक्षण बघत नाहीत. पन्नाशीत आलेली बाई पंचविशीतल्या भिक्षुणीच्या खाली बसते. तुमच्याकडे हा क्रम पहिल्याच दिवशी लावून टाका, नाहीतर दाराशी, नळाशी, ताटाशी रोज तोच घोळ होईल.

---

पळीपंचपात्र

लेणीवाट यांनी कामाच्या यादीबद्दल लिहिलं ते अगदी बरोबर. मी स्वयंपाकघराचं सांगते, कारण माझ्या मते असा वर्षावास मोडला तर तो तिथेच मोडतो.

आधी भात. जुन्या पद्धतीत बिडाच्या मोठ्या कढईवजा भांड्यात, गामासोतमध्ये, लाकडावर शिजवतात. आता पुष्कळ ठिकाणी गॅस आणि वाफेची यंत्रं आहेत, पण रीत तीच शिकवतात. तांदूळ उन्हाळ्यात अर्धा तास, हिवाळ्यात तासभर भिजवायचा. मोठ्या जाळावर ठेवायचा आणि जड झाकणाच्या कडेने पाणी ओघळायला लागलं की लगेच जाळ ओढून घ्यायचा. मग निखाऱ्यावर पंधरा-वीस मिनिटं मुरवायचा. झाकण मध्येच उघडायचं नाही. उघडलं, किंवा जाळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच ठेवला, की तळाला करपलेला, मध्ये गिचका आणि वर कच्चा असा भात होतो. कोरियात त्याला तीन मजली भात म्हणतात, आणि नव्या गोंग्यांगजूच्या हातून तो हमखास होतो. पन्नास माणसांच्या भांड्यात खालचा थर जास्त तापतो आणि वरपर्यंत वाफ पोचत नाही, म्हणून हे घडतं. घरच्या पातेल्यात हा दोष फारसा दिसत नाही, त्यामुळे घरी उत्तम भात करणारीही तिथे चुकते.

तळाला लागलेली सोनेरी खरपुडी फेकत नाहीत. त्यात पाणी घालून उकळलं की सुंगन्युंग होतं. जेवणाच्या शेवटी वाडगे धुवायला तेच लागतं. तांदूळ धुतलेलं दुसरं पाणी रस्श्याला वापरतात.

न्याहारीला बहुतेक ठिकाणी पेज असते: एक वाटी तांदळाला सहा ते सात वाट्या पाणी, मंद आचेवर, तळ ढवळत. सोबत एखादं मुरवलेलं, बस्स. पहाटे 3 ला उठून, वंदना करून आलेल्या पोटाला ती सोसते.

कांदा-लसणाबद्दल. निषिद्ध पाच: लसूण, कांद्याची जात, बुचू नावाची लसणासारख्या वासाची पात, रानात उगवणारी दाल्ले आणि पाचवा हिंग. हो, आपलाच हिंग. कोरियात तो उगवत नाही, तरी यादीत आहे, कारण यादी भारताकडून आलेल्या परंपरेची आहे. शिजवून खाल्ले तर वासना वाढते, कच्चे खाल्ले तर राग, असं कारण सूत्रांत दिलं आहे. तुम्ही ही पद्धत पूर्ण घेणार असाल तर आमटीच्या फोडणीतला हिंगही जाणार, हे समितीला आधीच सांगून ठेवा. ऐन वेळी त्यावरून नाराजी होते.

मग चव कुठून येते? सुकवलेल्या शिताके अळंब्या आणि दाशिमा नावाचं समुद्री शेवाळ यांचं पाणी, हा सगळ्याचा पाया. शेवाळ गार पाण्यात भिजवून तापवायचं आणि उकळी फुटली की काढून टाकायचं. जास्त उकळलं तर पाणी बुळबुळीत आणि कडसर होतं. अळंब्या मात्र पुढे उकळल्या तरी चालतात. त्याशिवाय आलं, तिळाचं तेल, पेरिला नावाच्या रोपाच्या बियांची पूड आणि सोयाबीन आंबवून केलेले द्वेनजांग व गानजांग. आपल्याकडे पेरिलाच्या जागी कारळं किंवा जवस भाजून, कुटून घाला. चव तीच येणार नाही, पण रस्सा दाट आणि भरीव होतो.

द्वेनजांगची रीत विचारली नाहीत, पण त्याच्याशिवाय या स्वयंपाकघराला अर्थ नाही. थंडीत सोयाबीन बोटांत चिरडेल इतकं शिजवायचं, कुटायचं, विटा करायच्या. वरून जरा सुकल्या की भाताच्या पेंढ्याने बांधून टांगायच्या. पेंढा फक्त बांधायला नसतो, आंबवणारे जिवाणू त्याच्यावरूनच विटेत उतरतात. विटा फार जाड झाल्या तर बाहेरून कडक आणि आतून ओल्या राहतात, मग मध्यभाग काळा पडून सडतो. या विटांना मेजू म्हणतात. हिवाळा सरता सरता विटा धुऊन, वाळवून मातीच्या रांजणात मिठाच्या पाण्यात बुडवतात. 20 लिटर पाण्याला साधारण साडेचार ते पाच किलो जाडं मीठ. परीक्षा अंड्याने: अंडं तरंगून त्याचा पाचशे वॉनच्या नाण्याएवढा, म्हणजे साधारण 2.65 सेंटिमीटरचा, भाग पाण्याबाहेर दिसायला हवा. कमी दिसला तर मीठ कमी, आणि रांजण उन्हाळ्यात नासणार. वर लाल मिरच्या, खारकेसारखी दिसणारी सुकी बोरं आणि जळता कोळसा टाकतात. 40 ते 60 दिवसांनी विटा काढून कुस्करल्या की द्वेनजांग, आणि उरलेलं काळं पाणी म्हणजे गानजांग.

रांजणाचं झाकण ऊन असेल तेव्हा काढायचं आणि संध्याकाळी लावायचं. पावसाचा थेंबही आत जाता कामा नये. गोड्या पाण्याने वरचा थर फिका होतो आणि तिथेच पांढरी साय धरते. म्हणून मठात ढग दाटून आले की वर्गातली एखादी मुलगी पुस्तक टाकून रांजणांकडे पळते, आणि तिला कोणी रागावत नाही.

हे पावसाळ्यात करायला घेऊ नका! आपल्या हवेत विटा वाळणारच नाहीत. पुढच्या मार्गशीर्ष-पौषात लावा.

---

टेकडीवरचा_विहार

फार उपयोगी आहे हे. मग पावसाळ्यात साठवणीचं काय करायचं? आणि किमची, म्हणजे कोबीचं आंबवलेलं कोरियन लोणचं, करता येईल का? तसंच संध्याकाळच्या जेवणाबद्दल थोडं सांगा. आमच्या श्रामणेरी विकाल भोजन, म्हणजे दुपारनंतरचं जेवण, करत नाहीत.

---

पळीपंचपात्र

किमची आपल्या पावसाळी हवेत दीड-दोन दिवसांत आंबट होऊन फसफसते. थोडी करून फ्रिजमध्ये ठेवली तर ठीक, बेगमी म्हणून नाही. कोरियात गिमजांग, म्हणजे वर्षाची किमची घालणं, नोव्हेंबरात थंडी पडली की करतात आणि रांजण जमिनीत पुरतात. रीत थोडक्यात: चिनी कोबीचे उभे दोन भाग, साधारण दहा टक्के मिठाच्या पाण्यात रात्रभर, मध्ये एकदा खालचे वर करायचे. पानाचा जाड पांढरा देठ वाकवला तर मोडू नये, नुसता वाकावा, की मीठ पुरेसं लागलं. तीन पाण्यांनी धुवायचं आणि तीन-चार तास पालथे ठेवून निथळायचं. इथे घाई केली की मसाला पातळ होतो आणि किमची लवकर आंबते. मीठ समुद्राचं आणि जुनं लागतं. ताज्या मिठातलं कडू पाणी निथळलेलं नसेल तर कोबी कडवट आणि मऊ पडतो. मठाच्या मसाल्यात लसूण नाही, खारवलेली कोळंबी किंवा मासळीचं पाणी नाही. चिकट तांदळाची पेज, मिरची, आलं, मुळा, अळंबी-शेवाळाचं पाणी आणि गानजांग. चव स्वच्छ आणि हलकी लागते.

तुमच्या कामाचं जांगाज्जी आहे, म्हणजे गानजांगमध्ये मुरवलेल्या भाज्या. हिरवी मिरची, मुळा, काकडी, कच्ची पपई काहीही चालेल. गानजांगमध्ये थोडं पाणी, व्हिनेगर, साखर घालून उकळायचं आणि भाजीवर ओतायचं. तीन दिवसांनी ते पाणी गाळून पुन्हा उकळायचं, पूर्ण गार करून परत ओतायचं. हे दोन-तीनदा करावंच लागतं, कारण भाजीला पाणी सुटून मीठ विरळ होतं आणि नेमकी तिथेच बुरशी धरते. एकदाच उकळून सोडून दिलेल्या बरण्या आठवड्यात नासतात. भाजी वर तरंगू नये म्हणून धुतलेला, वाळवलेला दगड ठेवायचा.

दुसरं, वाळवण. कोरियन भिक्षुणी वसंतात डोंगरातली पालेभाजी खुडून, उकळत्या पाण्यातून काढून वाळवतात आणि वर्षभर वापरतात. त्यात गोसारी नावाचे नेच्याचे कोंब असतात. ते कच्चे विषारी, म्हणून आधी उकळून ते पाणी फेकायचं, वाळवायचं, वापरताना पुन्हा भिजवून पुन्हा उकळायचं. आपल्या डोंगरातले नेचे त्याच समजुतीने खुडू नका, जात ओळखता येत नसेल तर हातही लावू नका. त्यापेक्षा उन्हाळ्यात हरभऱ्याचा पाला, अंबाडी, गवारीच्या शेंगा वाळवा, सांडगे घाला, फक्त लसूण वगळून. बारा-पंधरा जणींना तीन महिने पुरेल इतकं वाळवण वैशाखातच व्हायला हवं, आषाढात ते शक्य नाही.

---

संथागार

संध्याकाळच्या जेवणाबद्दल मी सांगतो. कोरियात ते औषध म्हणून घेतात आणि नावही तसंच आहे: याकसोक. थंड मुलूख, दुपारभर अंगमेहनत आणि पहाटे 3 चं उठणं, यामुळे ती सूट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तुमच्या श्रामणेरी विकाल भोजन करत नसतील तर तसंच ठेवा. पण मग दुपारी शेतातलं दोन-तीन तासांचं काम त्यांच्याकडून मागू नका. काम सकाळच्या पेजेनंतर, जेवणाच्या आधी ठेवा. जेवण एका बाजूचं आणि मेहनत दुसऱ्या बाजूची घेतलीत तर तिसऱ्या आठवड्यात निम्म्या जणी अंथरुणात असतील.

आता चार वाडगे. याला बारू गोंग्यांग म्हणतात. एकात एक बसणारे चार वाडगे, लाकडी, झाडाच्या चिकाचं रोगण दिलेले. सोबत चमचा आणि काड्या, खाली अंथरायचं कापड, पुसायचं कापड आणि सगळं बांधायचं फडकं. सगळ्यांत मोठा वाडगा डाव्या हाताशी पुढे, भातासाठी. उजवीकडे पुढे रस्सा. भाताच्या मागे भाजी, रस्श्याच्या मागे पाणी. मांडताना आवाज होऊ नये म्हणून आतला वाडगा दोन्ही अंगठ्यांनी कडेला दाबून सरळ वर उचलतात, तिरका काढत नाहीत. तिरका काढला की लाकूड लाकडावर घासतं आणि त्या शांत खोलीत सगळ्यांना ते ऐकू येतं.

जेवण जुकबीच्या ठोक्यांवर चालतं. ही उभी चिरलेली बांबूची काठी, तळहातावर मारायची. ठोका पडला की पाणी वाढणारी उठते. प्रत्येक जण मोठ्या वाडग्यात पाणी घेते, तेच पाणी रस्श्याच्या, मग भाजीच्या वाडग्यातून फिरवून पाण्याच्या वाडग्यात आणते. मग भात, मग रस्सा. वाढलेलं जास्त असेल तर खायला सुरुवात करण्याआधीच परत द्यायचं, त्यासाठी वेगळी फेरी असते. नंतर टाकता येत नाही. त्यानंतर पाच चिंतनांचं पठण: हे अन्न कुठून आलं, माझी पात्रता आहे का, असं. मग पूर्ण शांततेत जेवण.

खरी कसोटी शेवटी. सुरुवातीलाच मुळ्याच्या लोणच्याचा किंवा किमचीचा एक तुकडा बाजूला ठेवायचा असतो, रस्श्यात खळबळून, त्याच्यावरची मिरची काढून. शेवटी गरम सुंगन्युंग आलं की ते मोठ्या वाडग्यात घेऊन त्या तुकड्याने आतून घासायचं, तेच पाणी पुढच्या वाडग्यात, मग त्याच्या पुढच्यात. शेवटी तुकडा खायचा आणि पाणी प्यायचं. नंतर सुरुवातीला ठेवलेल्या स्वच्छ पाण्याने हात न थांबवता सगळे वाडगे पुन्हा धुवायचे. हे पाणी बादलीत गोळा होतं आणि ते आरपार स्वच्छच असायला हवं. सुईच्या छिद्राएवढा गळा असलेल्या, प्रेतयोनीतल्या भुकेल्या जिवांसाठी ते पाणी असतं. त्यात अन्नाचा कण गेला तर त्यांच्या गळ्यात आग होते, अशी श्रद्धा. बादलीत मिरचीचा कण दिसला तर ते पाणी सगळ्यांनी वाटून प्यायचं, हा जुना दंडक.

चूक बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर होते: तुकडा नीट न खळबळता ठेवला की मिरची सगळ्या वाडग्यांना लागते आणि मग कितीही धुतलं तरी निघत नाही. दुसरी चूक तेलाची. तळलेलं किंवा तेलकट वाढलं तर वाडगा पाण्याने स्वच्छ होतच नाही. म्हणूनच बारूच्या जेवणात तळण सहसा नसतं. ही पद्धत घेणार असाल तर फोडणीचं तेलही निम्म्याने कमी करा.

लाकडी वाडगे आणू नका, पावसाळ्यात बुरशी धरेल. स्टीलचे एकात एक बसणारे घ्या, मोठा साधारण लिटरभर मावेल असा, आणि खाली जाड सुती कापड अंथरा. रोज सकाळच्या जेवणापुरतीच ही पद्धत ठेवली तरी पाण्याची बचत लगेच दिसेल. पंधरा जणींची भांडी घासायला लागणारं पाणी टाकीवर चालणाऱ्या जागेत थोडंथोडकं नसतं.

---

लेणीवाट

संथागार यांच्याशी जेवणाबद्दल सहमत. एका गोष्टीबद्दल मात्र माझं वेगळं मत आहे: पहाटे 3 चं उठणं जसंच्या तसं उचलू नये. 9 ला दिवे बंद झाले तरी झोप सहाच तास मिळते. उन्मुन्सात पुष्कळ जणी एकाच मोठ्या खोलीत, खालून तापवलेल्या जमिनीवर झोपतात, 9 नंतर कुजबुजही चालत नाही, म्हणून ते सहा तास पुरतात. आपल्याकडे संध्याकाळी प्रवचन, भेटायला आलेली माणसं, फोन, यात साडेदहा वाजतात. ज्यांना 9 ची वेळ पाळता येत नाही त्यांनी 3 ची घेऊ नये. 4 किंवा साडेचार ठेवा.

वर्षावासाच्या तारखांचंही सांगतो. कोरियात दोन आनगो, म्हणजे वर्षावासासारखे एका जागी राहण्याचे हंगाम, असतात. उन्हाळी आनगो त्यांच्या चांद्र चौथ्या महिन्याच्या पौर्णिमेपासून सातव्याच्या पौर्णिमेपर्यंत, म्हणजे साधारण वैशाख ते श्रावण पौर्णिमा. हिवाळी आनगो दहाव्या महिन्याच्या पौर्णिमेपासून पहिल्याच्या पौर्णिमेपर्यंत, साधारण कार्तिक ते माघ. ध्यानमठात 50 मिनिटं बसणं, 10 मिनिटं चालणं, अशा फेऱ्या दिवसाला आठ-दहा तास चालतात. पहिल्यांदाच वर्षावास करणाऱ्या गटाला चार तास पुष्कळ झाले.

डोकं भादरणं पंधरवड्यातून एकदा, उपोसथ (पौर्णिमा-अमावास्येचा व्रताचा दिवस) जवळ आला की, स्नानाला जोडून. केस आधी गरम पाण्याने चांगले भिजवायचे, मग दुसरीने वस्तरा चालवायचा. त्या दिवशी चिकट तांदळाचा भात आणि समुद्री शेवाळाचा रस्सा करतात, अंगात ताकद राहावी म्हणून. वस्तरा प्रत्येकीचा वेगळा ठेवा, यात तडजोड नको.

उन्मुन्सात अंगणात पसरलेला एक फार जुना पाइन आहे, फांद्या जमिनीकडे झुकलेल्या. दर वसंतात भिक्षुणी त्याच्या मुळांना तांदळाची दारू पाण्यात मिसळून घालतात. स्वतः न पिणाऱ्या माणसांनी झाडासाठी हे इतक्या प्रेमाने करावं, हे मला फार आवडतं.

आणि हे नातं एकेरी नाही. डिसेंबर 1996 मध्ये सारनाथला दहा श्रीलंकन स्त्रियांची उपसंपदा, म्हणजे भिक्षुणी म्हणून पूर्ण दीक्षा, झाली, तेव्हा विधीला कोरियन भिक्षू आणि भिक्षुणी होत्या. श्रीलंकेत खंडित झालेली भिक्षुणी परंपरा पुन्हा उभी राहण्यात त्यांचा हात आहे. इकडे आपल्या कान्हेरीच्या शिलालेखांत दान देणाऱ्या भिक्षुणींची नावं कोरलेली आहेत. डोंगरात राहून पाण्याची टाकी कशी खोदावी आणि राखावी, हे त्या लेण्यांमध्ये अजून पाहता येतं. समितीतल्या दोघा-चौघांनी पावसाआधी तिथल्या पोढी, म्हणजे खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या, जरूर पाहून याव्यात.

---

टेकडीवरचा_विहार

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं एक: बारा जणींत कामं कशी वाटावीत? आणि कोणी आजारी पडली तर?

---

पळीपंचपात्र

बारा जणी धरून: भात आणि पेज दोघी, भाजी-आमटी दोघी, भांडार आणि हिशेब एक, घंटा आणि वेळ एक, बुद्धमूर्तीची खोली एक, टाकी आणि पाणी एक, संडास-न्हाणी दोघी, चूल-गॅस आणि कंदील एक, आजाऱ्यांची एक. पाहुण्यांचा चहा भांडारवालीकडे द्या, कारण चहा-साखर तिच्याच ताब्यात असते. स्वयंपाकाची पाळी दर आठवड्याला बदला, पण दोघींपैकी एकच बदला, म्हणजे जुनी नवीला शिकवते. दोघी एकदम बदलल्या की सोमवारी तीन मजली भात ठरलेला. भांडार मात्र तीन महिने एकीकडेच ठेवा. डाळ किती उरली हे दर आठवड्याला नव्या माणसाला विचारायला लागलात तर महिन्याभरात साठ्याचा अंदाजच जातो.

आजारी बाईला वंदनेतून आणि कामातून पूर्ण सूट, आणि ती कोणाकडे मागावी लागू नये. गानब्याँगनेच पहाटे खोलीत फिरून बघायचं, कोण उठलं नाही. पातळ पेज वेगळी शिजवायची, सगळ्यांच्या भांड्यातून पाणी घालून द्यायची नाही. तशी पेज पचत नाही. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर खाली न्यायचं, आणि पावसात रस्ता बंद असेल तेव्हा कोणत्या वाटेने, कोणाच्या गाडीने, हे आषाढ पौर्णिमेच्या आधी कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावा.

संथागार

एक छोटी भर. चपलांची. कोरियात सगळ्यांचे रबरी जोडे एकसारखे, म्हणून आत प्रत्येकीची खूण असते, आणि ते ओट्याखाली बोटं बाहेरच्या बाजूला करून ओळीत ठेवतात. पहाटे अंधारात, घंटेच्या आवाजावर पंधरा जणी एकदम बाहेर पडतात, तेव्हा पाय सरळ जोड्यात जायला हवा. तुमच्याकडे चिखल आणि विंचू दोन्ही असतील, तेव्हा जोडे जमिनीपासून वीतभर उंच फळीवर ठेवा आणि घालण्याआधी झटकायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.